वेग जास्त, वेग कमी

विजापूर रस्त्यावर हुरड्याचे फलक लागले की माझी रजा सुरू झाल्यासारखी वाटते. यंदा स्टेशनवरून घरी येताना रिक्षावाल्यानंच बातमी दिली, "मॅडम, औंदा हुरडा लई ग्वाड हाय बघा. थंडी चांगली पडली न्हवं." मी मान बाहेर काढून वास घेतला. गोवऱ्यांचा धूर आणि त्यात भाजणाऱ्या कोवळ्या ज्वारीचा वास. दुधाळ म्हणावा तर तसा नाही, गोड म्हणावा तर नुसता गोडही नाही. हा वास सोलापूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नसते आणि बाहेरच्याला तो सांगून कळत नाही.

हुरडा म्हटलं की कुणाला मामाचं शेत आठवतं, कुणाला शाळेची सहल. मला विमान आठवतं.

मी विमान चालवते. जुळे सोलापुरात हे वाक्य अजूनही दोनदा सांगावं लागतं. पहिल्यांदा सांगितलं की समोरच्या काकू हसून म्हणतात, "हां हां, एअर होस्टेस!" मग मी पुन्हा सांगते, की पुढं बसून चालवते. मग त्या माझ्या आईकडं बघतात, आई मान हलवते आणि त्यांचा विश्वास बसतो. आई सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, त्यातली बरीचशी अतिदक्षता विभागात. तिनं मान हलवली म्हणून लोकांनी याहून मोठ्या गोष्टींवर विश्वास ठेवलेला आहे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे, त्या हिवाळ्यात मी सहवैमानिक होते आणि माझं विमान जमिनीवर उभं होतं. माझंच नव्हे, त्या जातीची सगळीच. परदेशात त्यातल्या एका विमानात उड्डाणानंतर एकदम चार-पाच इशारे सुरू झाले, वैमानिक गोंधळले, पण सगळे सुखरूप उतरले. त्यानंतर चौकशी लागली आणि निकाल येईपर्यंत ही विमानं उडवायची नाहीत असं ठरलं. आम्हाला सांगितलं, घरी जा, कळवू. मी बॅग घेऊन आईकडं आले. शाळा सुटल्यानंतर इतके सलग दिवस मी घरी कधी राहिलेच नव्हते.

त्या दिवसांची आठवण काढली की आधी आमच्या इमारतीची गच्ची दिसते. सकाळी नऊनंतरचं ऊन. चटईवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलणारी आई, आणि पाण्याच्या टाकीला पाठ टेकवून, डोक्याला मफलर आणि डोळ्यांना काळा चष्मा लावून बसलेले कॅप्टन वाघमोडे. ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे नातेपुत्याचे. मेंढ्या राखत शिकले, वैमानिक झाले आणि मी जे विमान उडवत होते त्याच जातीची आधीची विमानं त्यांनी पंचवीस वर्षं उडवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना बोलायला विमानवालं कुणी उरलं नव्हतं. मी सापडले.

पहिल्याच सकाळी वाद पेटला.

"साठ वर्षं जे विमान उडतंय," ते म्हणाले, "त्याच्या सगळ्या खोड्या आता माहीत झाल्यात. नवं कोरं विमान आणा, त्याच्या खोड्या कळेपर्यंत माणसं मोजावी लागतात."

"पण सर, ते साठ वर्षांपूर्वीचं विमान राहिलंय कुठं?" मी म्हणाले. "इंजिनं बदलली, पंख वाढवले, अंग लांब केलं, आत काट्यांच्या जागी आकडे दाखवणारे पडदे बसवले. जुनं आहे ते फक्त प्रमाणपत्र."

हा प्रमाणपत्राचा मामला आईला समजावून सांगावा लागला. नव्या जातीचं विमान बांधलं तर त्याला आजचे सगळे नियम लागतात. पण हे जुन्याच विमानाचं पुढचं रूप आहे असं म्हटलं, तर जुन्याच मान्यतेला पुरवणी जोडतात आणि बऱ्याच बाबतीत जुने नियम चालून जातात. पुरवणीला पुरवणी जोडत हे विमान आईच्या जन्माआधीपासून माझ्यापर्यंत आलं होतं.

"मग त्यात वाईट काय?" आईनं विचारलं.

"वाईट हे, की आजच्या नियमानं बांधलेल्या विमानात बिघाड झाला तर पडद्यावर ओळीनं येतं, आधी हे करा, मग ते करा. आमच्यात नुसता दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि आम्ही जाडजूड पुस्तक उघडून पान शोधतो."

"पुस्तक शोधायला लागतंय तो वैमानिकच कसला!" कॅप्टन उसळले. चिडले की त्यांचं कॅप्टनपण गळून पडायचं आणि नातेपुतं वर यायचं. "आगं, इमान हातानं उडवायचं आस्तंय. पडदा काय उडवतोय व्हय?"

"भांडा," आई म्हणाली, "पण सोललेल्या शेंगा तुडवू नका."

असे आम्ही रोज भांडलो. संक्रांतीच्या आधी भांडलो, तिळगूळ देताना गोड बोला म्हणून भांडलो. खालच्या मजल्यावरची माणसं कपडे वाळत घालायला वर यायची आणि अर्धा तास ऐकत उभी राहायची. शुक्रवार पेठेतल्या आईच्या मैत्रिणीकडची शेंगाची चटणी, दही आणि कडक भाकरी असं गच्चीवर यायचं आणि वादात कोण जिंकलं ते न ठरवताच आम्ही जेवायचो. इतक्या मोकळ्या, उन्हानं शेकलेल्या सकाळी माझ्या आयुष्यात मागाहून फारशा आल्या नाहीत. विमान बंद पडल्याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभारही मानायची.

मात्र एक गोष्ट मी गच्चीवर कुणालाच सांगितली नव्हती.

त्याच दरम्यान वैमानिकांच्या संघटनेकडून एक कागद आला. या जातीच्या विमानाची मान्यता जुन्याच प्रमाणपत्राखाली पुढं चालू ठेवावी का? होय किंवा नाही, आणि खाली शेरा लिहायला पाच-सहा ओळींची जागा. निवृत्तांनाही तो पाठवला होता. कॅप्टननी त्याच दिवशी 'होय'वर खूण केली. मी 'नाही'वर केली. पण शेऱ्याच्या रिकाम्या ओळींपुढं माझं पेन थांबलं. तिथं कारण लिहायचं होतं, आणि माझं खरं कारण पडद्याचं नव्हतं.

एका रविवारी कॅप्टन म्हणाले, "चला, नातेपुत्याला. भाऊ हुरडा भाजतोय. भांडायचंच आहे तर खाऊन भांडू."

सकाळी लवकर निघालो आणि दुपारच्या आत पोचलो. त्यांचे धाकटे भाऊ, शंकरतात्या, बांधावरच उभे होते. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, राखेत खुपसलेली हिरवी कणसं, आणि तात्या गरम कणीस दोन तळव्यांत धरून असे चोळायचे की दाणे वेगळे आणि फुसकट वेगळं. "खा ताई, निवू देऊ नगा. हुरडा आन् राग, ह्ये दोनी निवले की मजा न्हाय," ते म्हणाले. बोटं काळी झाली, तोंडाला धूर लागला. गूळ, लसणाची चटणी, बोरं, ताक. कॅप्टननी पहिल्या सुपातच पुन्हा विमान काढलं. मी उत्तर दिलं. आगटीभोवती आमचं जुंपलं.

आई बराच वेळ ऐकत होती. मग तिनं हातातलं फुसकट फुंकून टाकलं आणि विचारलं, "त्या परदेशातल्या विमानात एकदम कसले इशारे वाजले होते?"

मी सांगितलं. विमानाचा वेग मोजायला बाहेरच्या अंगाला नळीसारखी उपकरणं असतात. त्यातलं एक बिघडलं तर विमान एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी ओरडू शकतं. एक भोंगा कटकट करून सांगतो, वेग जास्त झालाय. त्याच वेळी नाक वर-खाली करायचा हातातला दांडा थडाथडा हलायला लागतो, म्हणजे वेग फार कमी झालाय, आता पडाल. शिवाय उंचीचा दिवा. शिवाय खालून टॉवरवाले रेडिओवर विचारतात, काय चाललंय?

"मग आधी काय करायचं?"

"नाक आणि ताकद," मी आणि कॅप्टन एकदमच म्हणालो. त्या हिवाळ्यातलं आमचं पहिलं एकमत. कुठल्याच काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. विमानाचं नाक ठरलेल्या कोनात धरायचं, इंजिनाची ताकद ठरलेल्या आकड्यावर ठेवायची. एवढं केलं की विमान पडत नाही. मग सावकाश शोधायचं, खोटं कोण बोलतंय.

"हे तुम्हाला येतं?"

"सिस्टर, झोपेतून उठवून विचारा," कॅप्टन म्हणाले.

"जागेपणीच विचारते," आई म्हणाली. "बसा त्या बाजेवर."

पुढचा अर्धा तास नातेपुत्याच्या शिवारात जे झालं ते आठवलं की मी आजही एकटी हसते. बाजेवर कॅप्टन वाघमोडे. हातात दांडा म्हणून उसाचं कांडं, ते सरळ वर धरलं की नाक ठरलेल्या कोनात, खाली गेलं की चूक. उजव्या बाजूला उलटी ठेवलेली वाटी, ती ताकद. आईनं जर्मनचं ताट आणि पळी घेतली, ते वेग जास्त. तात्यांनी बाजेचे दोन पाय धरले, ती गदागदा हलवायची, ते वेग कमी. माझ्या हातात बैलाच्या गळ्यातली घंटा, तो उंचीचा दिवा.

"नुसतं उडवा आधी," आई म्हणाली. कॅप्टननी कांडं धरलं, चष्मा सारखा केला आणि अगदी खरंच उडवायला लागले. समोर ज्वारीचं रान डोलत होतं. मिनिटभर काहीच झालं नाही. तेवढ्यात आईनं ताट बडवलं, तात्यांनी बाज हलवली, मी घंटा वाजवली, आणि त्याच क्षणी कॅप्टनच्या खिशातला फोन वाजला. आईनंच ताट मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं लावला होता.

पंचवीस वर्षं आकाशात काढलेल्या माणसानं उसाचं कांडं मांडीवर ठेवलं, फोन काढला आणि अदबीनं म्हटलं, "हॅलो?"

सगळं थांबलं.

"आरं दादा," तात्या बाजेखालून म्हणाले, "तू फोन उचाललास, पर इमान कुनी धरलंय?"

तात्या हसत सुटले, मीही हसले. कॅप्टन मात्र मांडीवरच्या कांड्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला की आमचं हसू हळूहळू आटलं. "मला ठाऊक होतं की," ते पुटपुटले. "नाक आणि ताकद. आत्ताच तर बोललो."

"आता प्रज्ञा," आई म्हणाली.

मी बसले. मला वाटलं, मला तर क्रम माहीत झालाय. आईनं या वेळी खूप वाट बघायला लावली. एक चिमणी येऊन सुपावर बसली. मी तिच्याकडं बघितलं आणि ताट वाजलं, बाज हलली, घंटा वाजली. मी कांडं सोडलं नाही, फोनही उचलला नाही. मी काहीच केलं नाही. कांडं हळूहळू खाली झुकत गेलं आणि मी समोर बघत बसले, कुणीतरी आता सांगेल, आधी हे, मग ते. आई सेकंद मोजत होती. "अकरा," ती म्हणाली आणि पळी खाली ठेवली.

मला एकदम रडू आलं. बाजेवर, सगळ्यांसमोर. आणि मग मी ते सांगून टाकलं.

विमानं बंद व्हायच्या महिनाभर आधी मला हेच झालं होतं. सकाळची वेळ, स्वच्छ आकाश, खाली उतरायला लागलो होतो. भोंगा आणि दांडा, दोन्ही एकदम. काही सेकंदच. शेजारच्या कॅप्टननी नाक धरलं, ताकद लावली आणि शांतपणे मला म्हणाले, यादी वाच. मी पुस्तक उघडलं आणि भलतंच पान काढलं. मग दुसरं भलतं. तोवर भोंगा आपोआप थांबला होता. आम्ही उतरलो. त्यांनी अहवालात लिहिलं, सहवैमानिकानं चांगलं सहकार्य केलं. त्या एका ओळीनं मला झोप येईनाशी केली होती. आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत होते की विमान जुनं आहे, त्याचा आराखडा जुना आहे, आधी काय करायचं ते सांगणारा पडदा त्यात नाही. हे सगळं खरंच होतं. पण मी ते का सांगत होते, ते मलाच माहीत होतं.

आई जवळ आली नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. ती तशी नाही. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात रात्रंदिवस यंत्रं वाजायची. नवी मुलगी आली आणि दोन पेशंटची यंत्रं एकदम वाजली, की ती मधोमध उभी राहायची. हुशार मुलगी असली तरी. मीसुद्धा उभी राहिलेय. मग आमच्या मेट्रननं दर सोमवारी रिकाम्या खाटेवर खोटा पेशंट ठेवून आमच्याकडून करवून घ्यायला सुरुवात केली. चार महिन्यांनी पाय आपोआप चालायला लागले."

"म्हणजे यंत्राचा दोष नाहीच?" कॅप्टननी आशेनं विचारलं.

"असं कुठं म्हटलं? दोन यंत्रांचा आवाज सारखाच होता, त्यानं घोळ व्हायचा. आम्ही तक्रार करून करून ती बदलायला लावली. दोन्ही केलं. माणूस गोंधळणारच, हे धरून यंत्र बांधायला नको का?"

कॅप्टननी आगटीतल्या राखेत काटकी फिरवली. मग म्हणाले, "मला पण झालं होतं. एकदा. मी बी कुणाला सांगितलं न्हाय." बस, एवढंच. कधी, कुठं, काही नाही. तात्यांनी एक गरम कणीस चोळून त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी पुन्हा खायला सुरुवात केली. तो हुरडा मला जास्त गोड लागला, असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर तो थोडा करपला होता.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर आम्ही दोघांनी कागद भरले. त्यांनी 'होय' खोडलं नाही, मी 'नाही' बदललं नाही. ते म्हणाले, आराखडा चांगला आहे, त्यावर माझा जीव आहे. मी म्हणाले, नियम आजचे लागले पाहिजेत, मग आराखडा कुठल्या का काळातला असेना. पण खालच्या रिकाम्या ओळींत आम्ही एकच मजकूर लिहिला, आईला वाचून दाखवत, शब्द बदलत. उलटे इशारे एकदम वाजले तर खोटा इशारा बंद करायची सोय वैमानिकाच्या हाताशी द्या. आणि विमान पुन्हा उडवण्याआधी प्रत्येक वैमानिकाला हा प्रसंग सराव-यंत्रात बसवून, आधी न सांगता, पुन्हापुन्हा द्या. माझ्या कागदावर मी आणखी दोन ओळी लिहिल्या, माझ्या त्या सकाळच्या. नाव घालून. पेन थांबलं नाही.

काही महिन्यांनी निकाल आला. प्रमाणपत्र जुनंच राहिलं, त्याला आणखी एक पुरवणी लागली. म्हणजे कॅप्टन जिंकले. पण भोंगा बंद करायचं बटण आलं आणि सराव सक्तीचा झाला. आमच्या कागदानं हे झालं असं म्हणायचा मोह होतो. पण तेच शेकडो जणांनी लिहिलं असणार. किती जणांनी आपली सकाळ लिहिली असेल, हा विचार मात्र मला अजून येतो.

आता मी डाव्या खुर्चीवर बसते, म्हणजे कॅप्टन म्हणून. विमान त्याच जातीचं. ते मला आवडतं का? आवडतं. त्याची मान्यता अशीच वाढवत राहावी का? नाही. या दोन उत्तरांचं एकमेकांशी भांडण आहे असं मला पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही. यंदाही गच्चीवर कॅप्टन वाघमोड्यांशी यावरून झालीच चकमक. त्यांना आता ऐकू थोडं कमी येतं, त्यामुळं ते जास्त वेळा जिंकतात.

पण या रजेवर येण्याआधी जे घडलं ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकलं. दुपारचं उड्डाण होतं. विमान वर चढत असताना एक पक्षी धडकला, नेमका वेग मोजणाऱ्या नळीवर. भोंगा आणि दांडा, दोन्ही एकदम. माझा एक हात विमानाचं नाक धरायला दांड्यावर गेला, दुसरा ताकदीवर. मी काही ठरवलं नाही, हात गेले. शेजारचा सहवैमानिक पहिल्याच फटक्यात बरोबर पान काढून वाचायला लागला. टॉवरवाल्यांनी दोनदा विचारलं, आम्ही त्यांना थांबायला सांगितलं. भोंगा बंद केला. मागं फिरलो आणि उतरलो. मागच्या माणसांना एवढंच कळलं की काही तांत्रिक कारणानं परत आलो आहोत.

दुसरं विमान येईपर्यंत सगळ्यांना खाली उतरवलं. मी दाराशी उभी होते. एक काकू आल्या, पैठणी नेसलेल्या, कडेवर साखरपुड्याच्या सामानाचं ताट लाल कापडात बांधलेलं. माझ्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांकडं बघून त्या थांबल्या.

"तुम्हीच का चालवत होता?"

"हो."

"काय बाई हे! तिकडं मुलीकडचे वाट बघत बसलेत, मुहूर्त टळला की आमचा. जरा नीट चालवत जा की!"

"चुकलं काकू," मी म्हणाले. "फार उशीर झाला तुम्हाला."

त्या पुटपुटत जिना उतरून गेल्या. ताट सांभाळत, पैठणीचा घोळ उचलून, उन्हातून बसकडं चालत गेल्या. बसमध्ये चढतानाही त्या कुणाला तरी माझीच तक्रार सांगत होत्या. बस दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभी राहिले.